चेक आहे!

परदेशातल्या मराठी मंडळात एक ऑन-ऑनकाका असतातच. गणपतीच्या आरतीला हे सर्वांत शेवटी उगवतात. बूट चिखलाने माखलेले, पोटरीवर जळवेने केलेला लाल ठिपका. "थेट जंगलातून आलो रे," असं म्हणत मोदकांचं ताट जवळ ओढतात. आमच्या क्वालालंपूरच्या काकांना तर दाराबाहेरच काकू पाय धुवायला लावत.

काकांचं हे वेड म्हणजे हॅश. एकाने ससा व्हायचं आणि आधी जाऊन रबराच्या मळ्यांतून कागदाच्या कपट्यांचा नाहीतर पिठाचा माग सोडायचा. बाकीच्यांनी शिकारी कुत्री होऊन "ऑन ऑन!" ओरडत तो हुडकायचा. मधेच माग मुद्दाम तोडलेला असतो, त्या जागेला चेक म्हणतात. पुढे पळणारे तिथून चार दिशांना धावतात, खोट्या मागावर फसून परत येतात आणि तोवर मागचे ढेरीवाले आरामात येऊन पोहोचतात. पळणाऱ्याला शिक्षा आणि रेंगाळणाऱ्याला न्याय, असा हा खेळ.

काकांनी यातून एकच गोष्ट उचलली. जन्मात कधी "रस्ता चुकलो" म्हणायचं नाही. म्हणायचं, "चेक आहे."

सासूबाईंना विमानतळावर सोडायला काकांनी मोठ्या हौसेने गाडी काढली. विमानतळ शहराच्या दक्षिणेला आणि आम्ही उत्तरेला इपोहच्या रस्त्यावर. मी पाटीकडे बोट दाखवलं. काका शांतपणे म्हणाले, "चेक आहे." मागून सासूबाईंनी विचारलं, "कुठल्या बँकेचा?"

पुढे पुढे तर वरणाला फोडणी द्यायची राहिली, चेक आहे. आरतीचं पुढचं कडवं आठवेना, चेक आहे. काकूंचा वाढदिवस विसरला, तेव्हा मात्र "चेक आहे" म्हणायची हिंमत झाली नाही, नुसताच घसा खाकरला.

एकदा काका ससा झाले. घरातला मैदा संपलेला. काकूंनी पुण्याहून सामानाच्या वजनात काटकसर करून आणलेलं पाच किलो ज्वारीचं पीठ त्यांनी उचललं आणि पामच्या मळ्यात फुलीफुलीने टाकून आले. तिथल्या गावच्या कोंबड्यांना ती मेजवानीच. चाळीस माणसं अर्ध्या वाटेवर उभी, पुढे माग नाही, मागे कोंबड्या तृप्त. सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, "चेक आहे." त्या संध्याकाळी त्यांना रिवाजाप्रमाणे बर्फाच्या लादीवर बसवलं आणि भोवती रिंगण करून गाणी म्हटली. घरी त्याहून थंड स्वागत झालं. "माझ्या भाकऱ्या जंगलात थापून आलात!" एवढं एकच वाक्य काकू बोलल्या. मग आठवडाभर पाव.

नवा माणूस सापडला की काका इतिहास सुरू करत. 1938 साली याच गावात गिस्पर्ट नावाच्या इंग्रज हिशेबनिसाने मित्रांना जमवून हे सुरू केलं. सेलांगोर क्लबच्या ज्या इमारतीत ही मंडळी जेवत, तिथल्या बेचव जेवणावरून तिला 'हॅश हाउस' म्हणत, तेच नाव खेळाला चिकटलं. 1950 साली सरकारदरबारी नोंदणी करताना मंडळाचे हेतू लिहून दिले. शनिवार-रविवारची उतरवणं, चांगली तहान लावून घेऊन ती बिअरने भागवणं आणि वयस्क सभासदांना तुम्हाला वाटतं तितके तुम्ही म्हातारे नाही हे पटवणं. हा शेवटचा हेतू काका दोनदा वाचून दाखवल्यासारखा म्हणत. 2002 चा जागतिक मेळा गोव्यात भरला, हे तर असं सांगत, जणू घरचंच कार्य. गिस्पर्ट 1942 साली सिंगापूरच्या लढाईत मारला गेला, हे मात्र हळू आवाजात सांगून थांबत.

माझ्या पहिल्याच हॅशला पाय मुरगळला. अंधार पडत आलेला, पुढच्यांचे आवाजही विरले. काका माझ्या शेजारी ओंडक्यावर बसले आणि अंधाराकडे तोंड करून "आर यू?" अशी हाक देत राहिले. माग सापडला का, हे पुढच्यांना विचारायची ही हाक. मी म्हटलं, "काका, तुम्ही जा पुढे." ते म्हणाले, "कुठे जाऊ? चेक आहे." अर्ध्या तासाने दोघे जण मला आधार द्यायला आले. बिअरच्या पेट्या ठेवलेली गाडी तिथून जेमतेम दोनशे पावलांवर होती. आणि त्या दिवशीचा ससा होते काका! माग त्यांनीच टाकला होता. हे कळल्यापासून त्यांची टिंगल करताना जीभ जराशी अडखळते.

बावीस वर्षांनी काकांचं काम संपलं, परवाना संपला. मुलगी टोरांटोला, पुण्याच्या फ्लॅटमध्ये भाडेकरू. निरोपाच्या दिवशी हॉलमध्ये सुतळीने बांधलेली खोकी होती. मी सहज विचारलं, "मग काका, आता कुठे?"

काका बराच वेळ खोक्यांकडे बघत राहिले. "चेक आहे," म्हणाले. या वेळी कोणी हसलं नाही. आतून काकूंच्या भांडी आवरण्याचा आवाजही थांबला.

परवा काकूंचा फोन आला. भाडेकरू गेला, दोघं पुण्यात आहेत. काका पहाटे तळजाईवर जातात, हल्ली बरोबर सोसायटीतले चार-पाच म्हातारे असतात.

घरातलं ज्वारीचं पीठ पुन्हा कमी व्हायला लागलंय.