पुढे चाल!

पोरगं बाकावर बसवून ठेवायला वॉटरपोलोइतकी कमी सबब दुसऱ्या खेळात सापडणार नाही. एका संघाचे पाण्यात सात जण, त्यातला एक गोलकीपर. मोठ्यांच्या सामन्यात आठ-आठ मिनिटांचे चार डाव. आणि खेळाडू बदलायला मर्यादाच नाही. हवा तेव्हा एक बाहेर काढा, दुसरा आत सोडा. फुटबॉलच्या मास्तरला निदान ‘बदल्या संपल्या’ म्हणून हात झटकता येतात. इथे तेवढीही सोय नाही. तरी मोठ्या शहरातल्या नावाजलेल्या संघाच्या सामन्याला जाऊन बघा. काठावर एखादा असा दिसतोच: टोपीची नाडी हनुवटीखाली घट्ट बांधलेली, कानांवरच्या प्लास्टिकच्या वाट्या कोरड्या ठणठणीत, खांद्यावर टॉवेल. वर गॅलरीत त्याचा बाप शेजाऱ्याला सांगत असतो, “टीम दमदार आहे नं भाऊ. सोबत राहून राहूनच शिकते पोट्टं.”

सोबत राहून शिकता आलं असतं, तर तलावाकाठची बगळ्यांची पंगत आशियाई स्पर्धेला गेली असती.

भंडारा तलावांचा जिल्हा. मालगुजारांच्या काळातले ते तलाव, ज्यांना आता सगळे ‘मामा तलाव’ म्हणतात. पाळीखाली धानाच्या बांध्या, पाण्यात शिंगाडा, मधूनच ढिवराचा डोंगा. वैनगंगा आहे, पवनीकडे गोसेखुर्द आहे. पाण्याची ददात नाही, गोलपोस्टची आहे. त्यामुळे इथलं पोरगं बरं पोहतं असं दिसलं की गावातला प्रत्येक जाणकार एकच सल्ला देतो: नागपूरला टाका. साठेक किलोमीटर, भंडाऱ्याहून एसटी किंवा वरठीहून रेल्वे. मग घरात वाद पेटतो. तगड्या संघात जाऊन बाक गरम करायचा, की लहानशा संघात राहून चारही डाव खेळायचं?

माझं मत मागितलं नाही तरी सांगतो. पंधरा-सोळापर्यंत खेळायला मिळेल तिथे जावं. तळाला पाय न टेकवता, पाण्याखाली दोन्ही पाय उलटसुलट घुसळत उभं राहायचं, अंगावर रेलणाऱ्याला छातीने थोपवायचं, आणि त्याच वेळी चेंडू कुठल्या कोपऱ्यात मारायचा ते ठरवायचं. हे काठावरून बघून येत नाही. पण मोठ्या संघाच्या प्रशिक्षकाला पालक नेहमी चुकीचा प्रश्न विचारतात. ‘याला सामन्यात घेणार ना?’ अरे, तो ‘बघू’ म्हणणार. विचारायचं असेल तर हे विचारा की रोजच्या सरावात याच्या अंगावर कोण असेल. पहिल्या सातातला दांडगा असेल, तर वर्षभर बाकही परवडला; रोज संध्याकाळी सामनाच होतो. आणि राखीव पोरांना कडेच्या लेनमध्ये नुसत्या फेऱ्या मारायला लावत असतील, तर महिन्याची फी भरून आपण प्रेक्षकच तयार करतोय.

पण पालक हा प्रश्न विचारत नाहीत, त्यालाही कारण आहे. प्रमाणपत्रावर मिनिटं लिहिलेली नसतात. क्रीडा गुणांना आणि नोकरीतल्या ५ टक्के आरक्षणाला संघ कुठवर गेला ते लागतं. पोरगं ओलं झालं की नाही, याचा रकाना नाही.

लहान संघाची बाजू घेणाऱ्यांनीही फार हुरळू नये. आपल्याकडे आडवळणाच्या खेळांत दोन शाळा नाव नोंदवतात, त्यातली एक येतच नाही. मग माइकवरून ‘पुढे चाल’ पुकारतात आणि जिल्हा विजेतेपद पदरात पडतं. हारतुरे, फोटो, बातमी. विभागीय स्पर्धेत नागपूरच्या पोरांनी बुडवून काढलं की ‘अनुभव मिळाला’ म्हणत परत. याला खेळायला मिळणं म्हणायचं तर लग्नाच्या पत्रिकेत नाव छापलेला प्रत्येक काका नवरदेवच म्हणायला हवा.

देश म्हणून आपण तरी काय वेगळं केलं? १९५१च्या दिल्लीतल्या पहिल्या आशियाई स्पर्धेत भारताने वॉटरपोलोचं सुवर्ण जिंकलं. स्पर्धेत संघ दोनच, भारत आणि सिंगापूर. एक सामना, ६-४, सुवर्ण. पुढच्या वर्षी हेलसिंकीला ऑलिंपिक खेळलो, त्यानंतर ऑलिंपिकच्या वॉटरपोलोत आजवर पाऊल नाही. आशियात १९७०ला बँकॉकमध्ये रौप्य आणि १९८२ला दिल्लीत कांस्य. जसजसे समोर संघ येत गेले, तसतसा पदकाचा रंग उतरत गेला.

संघ बदलण्याचा धडा विदर्भाला घरबसल्या मिळालाय, फक्त तो क्रिकेटमधला. वसीम जाफर मुंबई सोडून इकडे आला तेव्हा विदर्भ म्हणजे गुणतक्त्यातली भरती होती. २०१७-१८ला त्याच संघाने रणजी नेली, पुढच्या वर्षी पुन्हा. मग कर्नाटकात जागा गेलेला करुण नायर इथे आला. २०२४-२५च्या रणजीत ८६३ धावा, जामठ्यात केरळविरुद्धच्या अंतिम सामन्यात ८६ आणि १३५, आणि आठ वर्षांनी कसोटी संघात. मग गडी परत कर्नाटकात. अर्जुन तेंडुलकरने मुंबई सोडून गोवा धरलं आणि रणजी पदार्पणातच शतक ठोकलं. यांना कुणी पळपुटं म्हटलं नाही. भंडाऱ्याच्या पोराने मात्र नागपूर सोडून लहान संघ धरला की नातेवाईक लगेच आवाज खाली करून विचारतात, “काऊन, जमलं नाही का?”

फरक एवढाच की नायर आला तोवर इथलं पाणी खोल झालं होतं. रणजीत साखळी सामने असतात. हरलं तरी पुढच्या आठवड्यात पुन्हा उभं राहावं लागतं. शालेय स्पर्धांत बहुतेक बाद पद्धत. हिशेब करा: सोळा संघ आले तर आठ संघ एकेक सामना खेळून घरी. वर्षभर पहाटे उठून सराव, आणि हंगाम एका सकाळीत खलास. म्हणजे निम्म्या पोरांना ना खेळायला मिळालं, ना तगडा प्रतिस्पर्धी. आणि आपण मात्र घरात बसून या दोन्हींतलं काय निवडावं यावर भांडतोय.

भंडारा, गोंदिया आणि नागपूरचे दोन, असे चार संघ घेऊन साखळी लावली तर सामने सहाच होतात, पण प्रत्येक पोराचा संघ तीनदा पाण्यात उतरतो. लहान संघाला तगडा प्रतिस्पर्धी मिळतो, आणि मोठ्या संघाला आपल्या कोरड्या टोप्या भिजवायला सोपा सामना. खर्चाचं म्हणाल, तर उद्घाटनाची कमान, शाली, श्रीफळं आणि पाहुण्यांच्या जेवणावळी एवढं वगळलं तरी पोरांच्या गाडीचं डिझेल सुटेल. पण मग दीपप्रज्वलन कोण करणार, हा प्रश्न उरतोच.