फूल गावचे, मद्य विदेशी

चैत्राच्या पहाटे जव्हार-मोखाड्यात मोह गळतो. बायका टोपल्या भरून आणतात, अंगणात फुले वाळत घालतात. भाकरीला तीच, भाजीला तीच. बियांचे तेल वेगळेच.

सरकारला मात्र त्यात पहिल्यापासून दारूच दिसली. १८९२ मध्ये इंग्रजांनी ठाणे-कुलाब्याकडे बोट दाखवत खास मोहफुलांचा कायदा केला. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानेही फुले परवान्याच्या दावणीलाच बांधली. गोळा करणे, साठवणे, वाहून नेणे यांवरचे निर्बंध सुटले ते थेट २०२१ मध्ये.

२०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोहाच्या मद्याला ‘विदेशी मद्य’ हा दर्जा दिला. वारली आजीच्या अंगणातले फूल पासपोर्टाशिवाय परदेशी झाले!

नशेच्या दुसऱ्या झाडाला मात्र वेगळा न्याय: भांगेच्या पानांचे तेल ‘आयुष’च्या परवान्यावर ऑनलाइन मिळते. आजीने घरी मोहाची बाटली गाळली, तर तो आजही गुन्हाच.