सर्व संबंधित घटक

हिंगणघाटच्या कारंजा चौकात कोणालाही विचारा, "भाऊ कुठं भेटतील?" उत्तर ठरलेलं : "दुकानात नसतील तं मीटिंगमध्ये असतील. मीटिंगमध्ये नसतील तं मीटिंग संपली असंल."

भाऊंचं कृषी केंद्र आहे. गावाबाहेर बारा एकर पराटी, म्हणजे कपाशी आहे. शिवाय विक्रेत्यांच्या संघटनेत ते कोणीतरी आहेत. पद दर दोन वर्षांनी बदलतं, भाऊ बदलत नाहीत. त्यामुळे कीटकनाशकांच्या धोरणावर 'सर्व संबंधित घटकांशी' चर्चा करायचं सरकारनं मनावर घेतलं, की एकटे भाऊ आले तरी कोरम भरतो. शेतकरी प्रतिनिधी, विक्रेता प्रतिनिधी, विशेष निमंत्रित या तिन्ही रकान्यांत त्यांची सही असते. सह्या तीन, म्हणून चहाही तीन.

बैठकीला येताना भाऊंच्या काखेत रेक्झिनची बॅग असते. तीत १९६८चा कीटकनाशक कायदा, १९७१चे नियम आणि तंबाखूची डबी. कायदा केंद्राचा, परवाने द्यायचे, नमुने काढायचे, दुकानं तपासायची हे काम राज्याचं. पण कलम २७ निघालं की भाऊंचा आवाज चढतो. त्या कलमानं राज्याला एखादं औषध बंद करता येतं, तेही साठ दिवसांपुरतं. फार तर आणखी तीस.

"साठ दिवस म्हणजे काय जी? तेवढ्यात तं आमची उधारी बी वसूल होत नाही!"

या कलमाचा हिसका २०१७ साली बसला. त्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात पराटी डोक्याच्या वर गेली होती, हवा दमट होती, दोन-तीन औषधं एकत्र करून मोठ्या दाबाच्या पंपांनी फवारणी सुरू होती. विषबाधेनं शेकडो माणसं दवाखान्यात गेली आणि वीसच्या वर माणसं दगावली. मग अमरावती विभागाच्या पाच जिल्ह्यांत मोनोक्रोटोफॉससकट पाच औषधांची विक्री साठ दिवस थांबवली. वर्धा जिल्हा नागपूर विभागात. म्हणजे वर्धा नदीच्या पलीकडे बंद आणि अलीकडे चालू. भाऊंनी तेव्हाच्या बैठकीत शेतकरी म्हणून बंदीचं स्वागत केलं, विक्रेता म्हणून निषेध नोंदवला आणि विशेष निमंत्रित म्हणून दोन्ही बाजूंनी संयम पाळावा असं सुचवलं.

औषध विकणाऱ्याला शिक्षण हवं असा नियमही आला होता. शेतकीची पदवी नसलेल्या भाऊंनी उतारवयात वर्षभराची पदविका केली : चाळीस वर्ग आणि आठ शिवारफेऱ्या. परीक्षेत औषधाच्या डब्यावरच्या त्रिकोणांचे रंग विचारले. लाल म्हणजे अतिविषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. भाऊंनी बरोबर लिहिलं आणि प्रमाणपत्र चौकटीत घालून गल्ल्यामागं टांगलं. तिथं आधीच कृषी खात्याचं पोस्टर होतं : 'दोन औषधे एकत्र करू नका.' चौकटीखाली नेमका 'नका' गेला. उरलेलं वाक्य भाऊ निष्ठेनं पाळतात.

"भाऊ, तुडतुडे पडले."

"हे घे. अन् हे बी टाक याच्यात. मावा बी जाते."

"चालते का पण?"

"अरे, पदविका हाय आपली!"

२०२३ साली बोगस बियाणं, खतं, औषधं रोखायला राज्यानं स्वतःची विधेयकं आणली, तेव्हा तर भाऊंना झोप नव्हती. "पॅकिंग कंपनीचं, शिक्का कंपनीचा, अन् जेलात जाईन म्या?" हा प्रश्न खोटा नव्हता, सीलबंद डबा फोडून बघायची सोय दुकानदाराकडे नसते. २ ते ४ नोव्हेंबरला राज्यभर कृषी केंद्रं बंद राहिली. भाऊंचंही शटर खाली होतं. मागचं दार उघडं होतं, कारण शेतकरी प्रतिनिधीला शेतकऱ्यांची अडचण पाहवत नाही.

परवा पंचायत समितीच्या सभागृहात पुन्हा बैठक झाली. विषय : सुरक्षित फवारणी. नव्यानं आलेल्या अधिकारी बाईंनी सुरुवातीलाच विचारलं, "प्रत्यक्ष फवारणी करणारं कोणी आलंय का?" सगळे एकमेकांकडे पाहू लागले. शेवटी भाऊंची बॅग घेऊन दाराशी बसलेला त्यांचा गडी उभा राहिला.

"मी मारतो जी फवारा. सप्टेंबरात दुपारी ते सुरक्षा किट घालून कोणी दोन पंप मारून दाखवा. चष्म्यावर वाफ येते, काही दिसत नाही. गर्मी सोसंल असं किट काढा, नाही तं सकाळीच काम संपवू द्या. मालक म्हणते दिवस पुरा भर."

भाऊ ताडकन उठले. "हेच तं म्या मघापासून सांगून राहिलो, मॅडम!"

इतिवृत्तात ती सूचना भाऊंच्या नावावर नोंदली गेली. बाहेर पडताना भाऊंनी गड्याच्या पाठीवर थाप मारली. "लय मस्त बोलला. उद्या ये लवकर, वरच्या तुकड्यात फवारा मारायचा हाय."

"मंग दुकानातलं एक किट द्या ना, भाऊ."

भाऊ थबकले. "अशी घाई नको करू राजा. आत्ताच तं सूचना टाकली. जीआर तं निघू दे!"