सत्कारमूर्ती, सावकाश उतरा

महाराष्ट्रातल्या गिर्यारोहण संस्थांना गुडघेदुखीच्या खालोखाल सध्या कशाची साथ असेल, तर ती सत्कारांची. कारण सरळ आहे. मुंबईत गिरिविहार 1954 साली सुरू झाली, पुण्यात गिरिप्रेमी 1982 साली, आणि त्याच्या आगेमागे ठाण्या-डोंबिवलीपासून नाशिक-कोल्हापूरपर्यंत डोंगरवेड्यांची मंडळं निघाली. तेव्हा विशीत असलेली पोरं आता साठी-सत्तरीत आहेत. कोणाचा रौप्यमहोत्सव, कोणाचा सुवर्णमहोत्सव. शिवाय 'पंचवीस वर्षं सदस्य' होण्यासाठी फार काही करावं लागत नाही. वर्गणी वेळेवर भरायची आणि हृदयानं साथ द्यायची.

सोहळ्याचा साचा ठरलेला आहे. पहाटे चारला टॉर्च लावून चालायला लागणारी, पाच मिनिटं उशिरा येणाऱ्याला फलाटावर सोडून कसारा लोकल पकडणारी ही माणसं स्वतःचा कार्यक्रम मात्र पाऊण तास उशिरा सुरू करतात, कारण प्रमुख पाहुणे यायचे असतात. प्रमुख पाहुणे सिंहगडावर जाऊन आलेले असतात. गाडीनं. पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही हा त्यांच्या दुर्गाभ्यासाचा गाभा. भाषणात ते सह्याद्रीला हिमालयाच्या हाकेला धाडतात. 1962 साली यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले तेव्हा ते वाक्य शोभलं. आता समोर गुडघ्याला पट्टा बांधून बसलेला सह्याद्री व्यासपीठाच्या चार पायऱ्यांना कठडा आहे का, ते बघत असतो. 2025 मध्ये बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, त्याचं श्रेयही पाहुणे तिथल्या तिथे वाटून टाकतात. त्यातला जिंजी तमिळनाडूत आहे, असं मागच्या रांगेतून कोणीतरी पुटपुटतं. अशी माणसं प्रत्येक क्लबात असतात. त्यांचा सत्कार कधीच होत नाही.

मग शाल. ज्यानं रतनगडाच्या गुहेत डिसेंबरची रात्र रिकाम्या सॅकमध्ये पाय घालून काढली, त्याला लोकरीची शाल मिळते ती ऐन उन्हाळ्यात, बंद सभागृहात. श्रीफळ तेवढं कामाचं, पण ते घरी न्यावं लागतं. आणि त्यानंतर सन्मानचिन्ह: लाकडी पाटावर काचेचा सुळका, सुळक्यावर पितळी माणूस, माणसाच्या हातात झेंडा. जर्मनीतल्या आल्पाइन क्लबात 25, 40, 50 वर्षं सदस्य राहिलेल्यांना एडेलवाइस फुलाचा बिल्ला देतात. तो टोपीला टोचता येतो. आपल्याकडे जन्मभर सॅकमधला ग्रॅम न् ग्रॅम मोजणाऱ्या, टूथब्रशची दांडी अर्धी तोडून नेणाऱ्या माणसाला असा ठोकळा देतात की तो घरी न्यायला दोन जण लागावेत. तो टीव्हीशेजारी बसतो. धूळ कोण पुसतं, ते मानपत्रात नसतं.

माझं खरं भांडण त्या मानपत्राशीच आहे. त्यात मोजता येईल तेवढंच येतं. किल्ले किती, सुळके किती, हिमालयातल्या मोहिमा किती, वर्षं किती. एखाद्या ठेकेदाराच्या बिलासारखं ते वाचलं जातं, टाळ्या पडतात, पुढचं नाव. पण तीस-तीस वर्षं क्लब ज्यांनी उभा ठेवला, त्यांनी नेमकं केलं काय?

एकानं कॉन्ट्री गोळा केली. रविवारी रात्री परतीच्या लोकलमध्ये बाकीचे एकमेकांच्या खांद्यावर घोरत असताना हा वहीत एसटीचं भाडं, तांदूळ, रॉकेल, कांदे मांडून भागाकार करत बसायचा. माणशी सव्वा रुपया उरला तर तो परत द्यायचा, आणि कोणी 'राहू दे रे' म्हणालं तर रागवायचा. दुसऱ्यानं दोर सांभाळले. चढाईहून आले की धुवायचे, सावलीत वाळवायचे, बोटांतून वीत-वीत सरकवत तपासायचे. आतला गाभा कुठे मऊ लागला की तो दोर बाद, मग तो गेल्या दिवाळीत वर्गणी काढून घेतलेला का असेना. बाद झालेल्या दोराचे तो तुकडे करायचा, नाहीतर कोणी उत्साही पोरगं तोच घेऊन सुळक्यावर जाईल. हा माणूस क्लबच्या एकाही फोटोत सापडणार नाही, कारण फोटो काढले तेव्हा तो खाली, दुसऱ्या टोकाला, दोर धरून उभा होता.

आणि तिसरा रांगेच्या शेवटी चालला.

शेवटी चालणं म्हणजे काय, ते ज्यांनी केलं त्यांनाच ठाऊक. पुढच्याला वाट दिसते, शेवटच्याला फक्त पुढच्याची सॅक. ज्याच्या बुटाचा तळ उचकटला, ज्याला नळीच्या वाटेत घसाऱ्यावर पाय टाकवेना, ज्याला तोलार खिंडीच्या चढावर एकाएकी घरच्यांची आठवण दाटून आली, ते सगळे ओघळत ओघळत याच्या वाट्याला येतात. हा त्यांच्या सॅका उचलतो, खडीसाखर देतो आणि 'आता आलंच, दहा मिनिटं' असं धादांत खोटं दिवसभर बोलतो. पुढचे कोकणकड्यावर पालथे पडून दरी बघून, चहा पिऊन, फोटो काढून मोकळे झालेले असतात तेव्हा हा पोचतो. चहा संपलेला असतो. शिवाय शेवटचा आल्याशिवाय कोणी हलायचं नाही, हा नियम त्यानंच केलेला. त्यामुळे तो बसला रे बसला की बाकीचे सगळे उठतात. असा माणूस जन्मात कधी पुरता बसलेला नसतो. त्याला खुर्चीवर बसवायला सत्कारच करावा लागतो, हे एक मी समजू शकतो.

दर खिंडीत, दर टाक्यापाशी तो मोजणी करायचा. बावीस निघाले, बावीस आहेत. अंधार पडला की जास्त वेळा. उतरल्यावर एसटीत चढताना परत एकदा. आता या कामाचं मानपत्र कसं लिहायचं? 'यांच्या संपूर्ण कारकिर्दीत काहीही घडलं नाही.' निवेदिकेला हे वाक्य वाचवणार नाही, आणि प्रायोजकाला तर ते पटायचंच नाही.

त्यातूनही अवघड काम परत फिरवण्याचं. कुलंगच्या पायथ्याशी गाड्या करून पोचलात, वर ढग बसला आहे, कातळ ओला आहे, पोरं तयार आहेत, पैसे भरलेले आहेत, आणि एक जण म्हणतो, 'नाही. आज नाही.' त्या दिवशी त्याच्याशी कोणी धड बोलत नाही. पुढच्या कार्यकारिणीच्या निवडणुकीत त्याची मतं घटतात. वर गेलो असतो तर काय झालं असतं, हे कधीच सिद्ध करता येत नाही, आणि नेमकं तेच त्याचं यश असतं. या गृहस्थाच्या नावावर न झालेल्या चढायांची यादी काढली तर ती झालेल्यांपेक्षा भारदस्त निघेल. मानपत्रात तिच्यासाठी एक ओळ नाही.

डोंगरांच्या मोठ्या इतिहासातही हेच. 26 मे 1953 रोजी टॉम बुर्डिलन आणि चार्ल्स इव्हान्स एव्हरेस्टच्या दक्षिण शिखरापर्यंत पोचले होते. त्याआधी इतक्या उंचीवर चढून कोणी परत आलेलं नव्हतं. शंभरेक मीटर उंची उरली होती. इव्हान्सचा प्राणवायूचा संच कुरकुरत होता, दुपार झाली होती. ते फिरले. तीन दिवसांनी हिलरी आणि तेनसिंग वर गेले आणि बाकीचं सगळ्यांना पाठ आहे. याच इव्हान्सनं 1955 साली कांचनजंगाची मोहीम नेली, चार जणांना वर पाठवलं, स्वतः शिखरावर गेला नाही. ते चौघेही सिक्कीमच्या राजाला दिलेल्या शब्दाखातर माथ्याच्या काही फूट अलीकडे थांबले. आपल्या एखाद्या समितीपुढे हा अर्ज आला असता, तर 'शिखर अपूर्ण' असा शेरा मारून तो बाजूला ठेवला गेला असता.

आणि सन्मान वाटण्यातले घोळ आपणच घालतो असंही नाही. त्याच एव्हरेस्टबद्दल हिलरीला आणि मोहिमेचे नेते हंट यांना 'सर' केलं आणि तेनसिंगला जॉर्ज मेडल. शिखर एक, दोर एक, आणि तेनसिंगची ती एव्हरेस्टवरची सातवी मोहीम. ज्येष्ठता मोजायचीच होती, तर ती तिथे मोजायची.

आपल्याकडे ही प्रतवारी जास्त घरगुती असते. क्लबच्या सुरुवातीपासून असलेल्या, एकेकाळी स्वतः लीड करणाऱ्या बाईंना बोलावतात तेव्हा शालीऐवजी खण-नारळ पुढे येतो. निवेदिका विचारते, 'घर सांभाळून हे कसं जमवलंत?' शेजारी बसलेल्या सत्कारमूर्तीला हा प्रश्न कोणी विचारत नाही. त्यानं घर सांभाळलंच नव्हतं, हे सभागृहाला ठाऊक असतं. उलट त्याच्या पत्नीला व्यासपीठावर बोलावून 'खंबीरपणे पाठीशी उभ्या राहिल्या' म्हणून एक फूल देतात. त्या माउलीनं वीस वर्षं दर सोमवारी चिखलानं माखलेल्या पँटी धुतल्या. एका फुलात हिशेब पूर्ण.

गावातला माणूस तर यादीतच नसतो. उधेवाडी, खिरेश्वर, पाचनई, बारी. क्लबाच्या तीन पिढ्यांचे बूट ज्याच्या ओसरीवर वाळले, ज्यानं रात्री अकराला, हातात बॅटरी आणि खांद्यावर घोंगडी घेऊन, वाट चुकलेल्यांना हाका मारत खाली आणलं, तो सदस्य नाही. त्यानं वर्गणी भरलेली नाही. आज अपघात झाला तर फोन करायला रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर आहे, गावोगावचे स्वयंसेवक स्वतःचे दोर घेऊन, नोकरीतून रजा टाकून धावतात, आणि तरी बहुतेक वेळा पहिला पोचतो तो पायथ्याच्या वाडीतला कोणीतरी मामाच. त्याला या सोहळ्याची पत्रिका जात नाही. गेली तरी येणार कसा? मुक्कामाची एसटी पहाटे निघते आणि कार्यक्रम रात्री दहाला संपतो.

आता ज्येष्ठांनाही सोडायला नको. सगळेच काही शेवटी चाललेले नाहीत. काहींचं सदस्यत्व चाळीस वर्षांचं आणि चालणं त्यातलं पहिल्या चार वर्षांचं. उरलेली छत्तीस वर्षं त्यांनी 'आमच्या वेळी' या एकाच वाटेनं काढली. आमच्या वेळी कळसूबाईला शिड्या नव्हत्या. (त्यांच्याही वेळी होत्या.) आमच्या वेळी हंटर बूट आणि काथ्याचा दोर. आमच्या वेळी मोबाइल नव्हता, म्हणून आम्ही वाट चुकलो नाही. यातलं शेवटचं वाक्य तर्काच्या कुठल्याही कड्यावर टिकत नाही, तरी त्याला टाळ्या मिळतात. गर्दीबद्दलही हेच बोलतात. पावसाळ्यात हरिहरच्या कातळपायऱ्यांवर माणसावर माणूस चढतो हे खरं, पण त्या पायऱ्यांचे फोटो व्हॉट्सॲपवर पहिल्यांदा कोणी फिरवले, याचा तपास केला तर दोन-चार शाली परत घ्याव्या लागतील.

मात्र सत्काराचा मूळ उद्देश कोणी उघड बोलत नाही. तो निरोपसमारंभ असतो. शाल पडली की माणूस 'मार्गदर्शक' होतो आणि मार्गदर्शकाला मार्गावर नेत नाहीत. त्याला सल्लागार मंडळात घेतात, जिथे सल्ला विचारत नाहीत. पुढच्या ट्रेकचा निरोप ग्रुपवर येतो, त्याखाली खासगीत एक ओळ: 'सर, तुम्ही या ना, पायथ्याशी थांबू, गप्पा मारू.' ज्यानं आयुष्यभर पायथ्याशी कोणाला थांबू दिलं नाही, त्याला हे. मुलुंडला गिरिमित्र संमेलन भरतं तेव्हा बाहेरच्या चहापाशी बघा. पांढऱ्या केसांची टोळकी सत्कार-बित्कार विसरून भांडत असतात: नाणेघाटाच्या अलीकडे डावीकडे जी ढोरवाट फुटते, ती नळीत उतरते की नाही. त्यांना त्या भांडणाचा निकाल तिथे जाऊन लावायचा असतो. तेवढं कोणी घेऊन जात नाही.

म्हणून एका क्लबच्या सचिवांना मी एक सूचना पाठवली. सभागृहाचं भाडं, पाहुण्यांचा पुष्पगुच्छ आणि काचेचे सुळके यांचे पैसे वाचवा. एक रविवार ठरवा. राजमाचीसारखा सोपा पल्ला घ्या. सत्कारमूर्ती ज्या वेगानं चालतील त्या वेगानं क्लब चालेल, ते बसतील तिथे बसेल, आणि ते 'आज नाही' म्हणाले तर तिथूनच परत. रांगेच्या शेवटी कार्यकारिणी राहील. जेवण उधेवाडीत, आणि ज्यांच्या घरी जेवण, त्यांचं नाव मानपत्रात पहिलं.

सचिवांचं उत्तर तीन दिवसांत आलं. सूचना अतिशय स्तुत्य आहे, कार्यकारिणीनं ती एकमतानं मंजूर केली आहे, अंमलबजावणीसाठी उपसमिती नेमली आहे. शिवाय पुढच्या वर्षीपासून मौलिक सूचना करणाऱ्यांचाही जाहीर सत्कार करायचं ठरतं आहे. शालीला कुठला रंग चालेल, ते लवकर कळवावं.