एसपी घेतलं की मार्क पडतात म्हणे!

"आवो ताई, दहावीला 87 टक्के पडूनही पोरगी कॉमर्सच म्हणतीय. लातूरच्या मामांनी तर फोनवरच कपाळाला हात लावला."

दोरीवर चादर टाकता टाकता वहिनींनी ही बातमी दिली आणि मी भिंतीवर कोपरं टेकवली. आमच्या बार्शीत हुशार पोरगी सायन्स घेत नाही म्हटलं, की आजारी माणसाला भेटायला यावं तशी माणसं चौकशीला येतात.

"मामांना सांगा, उद्या त्यांची पोरं डॉक्टर झाली तर दवाखान्याचा टॅक्स भरायला आपल्याच पोरीकडं येतील. ते जाऊ द्या. विषय कुठले घेतीय?"

"कॉमर्सला सगळ्यांना सारखेच असतात की."

इथंच सगळे फसतात. इंग्रजी, मराठी, अर्थशास्त्र, बीके म्हणजे पुस्तपालन, ओसी म्हणजे वाणिज्य संघटन, हे पाच घरोघरी तेच. गोम आहे ती सहाव्यात. चिटणिसाची कार्यपद्धती, म्हणजे पोरांची लाडकी एसपी, नाहीतर गणित.

"मग एसपीच. तिच्या सगळ्या मैत्रिणी तेच घेणार. पाठ केलं की मार्क पडतात म्हणे."

"पडतात ना. शेअर, डिबेंचर, लाभांश, सभासदांना लिहायची पत्रं. विषय वाईट नाही. परवा आमचे हे आयपीओचा अर्ज भरायला बसले आणि डिमॅट म्हणजे काय, ते मला विचारत होते. एसपीच्या पुस्तकात सगळं आहे. पण ओसी पाठ करायची, एसपी पाठ करायची; पोरीनं डोकं चालवायचं कधी?"

मी पतसंस्थेत खातेवह्या सांभाळता सांभाळता जीडीसी अँड ए ही सहकार-हिशोबाची पदविका केली. त्यामुळं हिशोबाचा विषय निघाला की मला आवरत नाही, हे गल्लीला माहीत आहे.

"भावोजी मार्केट यार्डात दिवाणजी ना? रोज हमाली, तोलाई धरून शेतकऱ्याची पट्टी करतात. अहो, बारावी कॉमर्सच्या गणितात दलाली, कमिशन, सूट यांवर आख्खा धडा आहे. विमा आहे. यंदा तूर गेल्या सालापेक्षा किती चढली हे मापायचे निर्देशांक आहेत. तिच्या बापाचं दुकानच पुस्तकात घातलंय म्हणा. आता विकलन-संकलनही आहे. तिथं घाम फुटतो, खोटं कशाला बोलू?"

"पण लागतं कशाला ते? बी.कॉम.ला तर कुणी विचारत नाही."

खरं आहे. गावात सुलाखे कॉमर्स कॉलेज आहे, वर सोलापूरचं अहिल्यादेवी होळकर विद्यापीठ; बी.कॉम.च्या प्रवेशाला बारावीचं गणित कुणी मागत नाही. पण पोरीला सीए व्हायचं असेल, तर हिशोब बदलतो. फाउंडेशनला चार पेपर. तिसरा व्यावसायिक गणिताचा. संख्याशास्त्र आणि तर्कही त्यातच. पर्याय निवडायचे आणि चुकलं की पाव गुण कापला जातो. प्रत्येक पेपरात 40 टक्के हवेत, शिवाय सगळ्यांचे मिळून 50. बारावीला गणित नसलं म्हणून बसू देत नाहीत असं नाही. पण अकरावीत सोडलेलं गणित बारावीनंतर चार महिन्यांत उभं करायचं म्हणजे क्लासवाल्यांची चंगळ. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्र ऑनर्स करायचं तर गणित लागतंच. आणि आयआयएम इंदूरला बारावीनंतरचा पाच वर्षांचा कोर्स आहे, 2011 पासून. त्याच्या प्रवेश परीक्षेत तीन भागांपैकी दोन गणिताचे.

"दिल्ली-इंदूर राहू द्या ताई, पुण्याला पाठवायचं म्हणलं तरी सासूबाई जेवत नाहीत."

"नका पाठवू. पण दार आपल्या हातानं कशाला लावायचं? समोरच्यांच्या थोरलीचं काय झालं, बघितलं ना?"

वहिनींनी चिमटे टोपलीत टाकले आणि भिंतीला येऊन लागल्या. दुसऱ्याच्या पोरीचं ऐकायला चादरी थांबतात.

तिला बीबीए करायचं होतं. 2024 ला बारावी झाली. त्याच वर्षापासून बीबीए, बीसीए, बीएमएस हे कोर्स एआयसीटीईखाली गेले आणि राज्यानं त्यांना सीईटी लावली. घरात कुणाला पत्ताच नाही. निकाल लागला की फॉर्म भरू, म्हणून निवांत. पुढं जागा रिकाम्या राहिल्या आणि पुन्हा एकदा परीक्षा घेतली, म्हणून वाचली. तोवर तिची आई भगवंताला काय काय बोलली होती, ते तुम्हाला ठाऊकच आहे. मुंबईतल्या काही कॉलेजांनी तर कोर्सची नावंच बदलली, सीईटी टळावी म्हणून.

"मग बीके तरी सोपं असतं का?"

"सोपं नाही, पण आपलं आहे. भागीदार येतो, निवृत्त होतो, मरतो, शेवटी फर्म मोडते. प्रत्येकाचा वेगळा धडा. बार्शीतल्या निम्म्या पेढ्यांचा इतिहास आहे तो. त्या डाळमिलवाल्या भावांचं आठवतंय? यंत्रं वाटली, गोडाऊन वाटलं, उधारीसुद्धा वाटली. अडलं कुठं, तर दुकानाच्या नावावर. थोरला म्हणे नाव माझं, धाकटा म्हणे गिऱ्हाईक मी जोडलं. बीकेत त्याला ख्याती म्हणतात, आणि तिची किंमत काढायची रीत असते. सरासरी नफा धरायचा, किती वर्षांचा ते ठरवायचं, गुणायचं, झालं. त्यांच्यात कुणी बारावी कॉमर्स असतं तर वकिलाचे पैसे वाचले असते."

"वाचले नसते. धाकट्याची बायको लई खट आहे," वहिनी म्हणाल्या.

यावर मी काय बोलणार? ती माझ्या माहेरकडची.

"मग मराठी सोडून आयटी घेऊ का? पोरगी तेही म्हणत होती."

माझं मत विचारलंत म्हणून सांगते, मराठी ठेवावी. कॉम्प्युटर ती सुट्टीतही शिकेल. पण हे मत माझं, आणि माझ्या घरात ते कुणी ऐकलेलं नाही.

"बरं, फॉर्म तर ऑनलाइनच ना?"

"2025 पासून आख्ख्या राज्याला ऑनलाइन. पहिल्याच दिवशी संकेतस्थळ बसलं होतं, तेव्हा शेवटच्या दिवसाची वाट बघू नका. दहा कॉलेजं पसंतीनं टाकता येतात. पण पसंती लावायच्या आधी कॉलेजात जाऊन एक विचारा, कॉमर्सच्या गणिताची तुकडी चालते का, आणि शिकवायला सर आहेत का? घेणारी पोरं हाताच्या बोटांवर असली की कागदावर विषय असतो अन् वर्गात कुणी नसतं. मग आपण गणित गणित करायचं आणि पोरीच्या गळ्यात एसपीच पडायची."

"उद्याच ह्यांना पाठवते."

"भावोजींना नका पाठवू! ते शिपायाशी तुरीच्या भावावर बोलत बसतील आणि न विचारताच परत येतील. तुम्ही जा. पोरीलाही न्या, विषय तिला शिकायचाय."