पावणेनऊ इंचांचे गुपित

खास घडवून घेतलेल्या सुऱ्यांचा संग्रह हा छंद दोन परस्परविरोधी वासनांवर उभा असतो: ही वस्तू आपल्याकडे आहे हे कोणालाही कळू नये, ही पहिली, आणि ती आपल्याकडे आहे हे निदान चार जाणकारांना कळावे, ही दुसरी. ‘खास घडवून घेतलेली’ म्हणजे दुकानातील तयार माल नव्हे, तर पात्याची लांबी, पोलादाचा प्रकार, मुठीचे लाकूड आणि स्वतःच्या तळहाताचे माप कारागिराला सांगून, विसार देऊन आणि नंतर महिनोन्महिने तगादा लावून मिळवलेली वस्तू. अशा संग्राहकाला जगभर तीनच गोष्टींची धास्ती असते, ती म्हणजे चोरी, जप्ती आणि नाव-पत्ता उघड होणे. महाड व पोलादपूर या तालुक्यांत मात्र, ज्यांपैकी एकाच्या नावातच पोलाद आहे, या धास्तींचा क्रम बदलतो आणि त्यांत चौथीची भर पडते, जिचा विचार यथावकाश येईल.

गुपित पहिल्यांदा फुटते ते लोहाराच्या भात्यापाशी. भाता, ऐरण आणि घण ही सामग्री बंद दाराआड चालणारी नाही. घणाचा आवाज वाडीभर जातो आणि विळ्याला धार लावण्यासाठी थांबलेली चार माणसे ऐरणीवर काय आहे हे पाहिल्यावाचून राहत नाहीत. पात्यासाठी उत्तम पोलाद मिळते ते मोडलेल्या ट्रकच्या कमानपाट्यांतून, म्हणजे गाडीचा भार झेलणाऱ्या लवचिक पट्ट्यांतून, आणि या दृष्टीने मुंबई-गोवा महामार्गावरील खड्डे हे या ग्रामोद्योगाचे अघोषित भागीदार मानावे लागतात. तापवलेले पाते पाण्यात किंवा तेलात बुडवून कठीण करण्याच्या क्रियेला ‘पाणी पाजणे’ म्हणतात; ते पाजून होईपर्यंत गिऱ्हाइकाचे नाव, त्याचा मुंबईतील हुद्दा आणि त्याने कबूल केलेली रक्कम ही सर्व माहिती पुढच्या वाडीत पोचलेली असते.

जप्तीची धास्ती इंचांत मोजली जाते. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखालील २०१६ च्या नियमांनुसार ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची सुरी शस्त्रांच्या वर्गात जाते, परंतु घरगुती आणि शेतीच्या कामासाठी बनवलेली हत्यारे त्यातून वगळलेली आहेत. म्हणून चतुर संग्राहक पावणेनऊ इंचांचे पाते सांगतो. लोहार मात्र उदार असतो. लांबून आलेल्या पाहुण्याला मापात कमी देणे त्याच्या धर्मात बसत नसल्यामुळे तो बोटभर जास्त पोलाद घालतो, वर त्याचे पैसेही घेत नाही, आणि अशा रीतीने केवळ सौजन्यापोटी एका निरुपद्रवी निवृत्त गृहस्थाला कायद्याच्या उंबरठ्यापलीकडे नेऊन ठेवतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जिल्ह्यात मनाई आदेश निघाला, की सुऱ्याच काय, सोटे आणि काठ्या बाळगण्यासही बंदी येते, आणि संग्राहक पंधरा दिवस कपाटाची किल्ली चाचपत बसतो. त्याच पंधरा दिवसांत त्याच्या दारावरून माणसे कमरेच्या आकडीत, म्हणजे कोयता अडकवण्याच्या आकड्यात, हातभर कोयता लटकवून रानात जातात आणि त्यात कोणालाही वावगे दिसत नाही. पुण्यात कोयत्यांची दहशत वाढल्यावर, २०२३ च्या सुरुवातीस, कोयता विकताना गिऱ्हाइकाचे आधार कार्ड पाहावे असे पोलिसांनी दुकानदारांना सांगितले होते. पोलादपूरच्या बाजारात असे कार्ड मागणे निरर्थक ठरेल, कारण तेथे विकणाऱ्याला घेणाऱ्याचा आजाही ठाऊक असतो.

संग्राहकाचा खरा फितूर त्याचा स्वतःचा मोबाइल असतो. छायाचित्राच्या फाईलमध्ये स्थळाचे अक्षांश-रेखांश नोंदले जाऊ शकतात, हे वाचून तो ती सोय दक्षतेने बंद करतो, सुरी पाटावर ठेवतो आणि छायाचित्र काढतो, ज्यात मागच्या भिंतीवरील पतपेढीचे कॅलेंडर शाखेच्या पत्त्यासह आणि दूरध्वनी क्रमांकासह सुस्पष्ट उमटते. त्यातूनही जे लपून राहते ते सावित्री नदी उघड करते. जुलै २०२१ सारखा पूर महाडात शिरला, की ओसरल्यानंतर प्रत्येक घर आपले पोट अंगणात वाळत घालते, आणि मग गाद्या, पोथ्या व पितळी भांडी यांच्या रांगेत, तेलाच्या फडक्यांत गुंडाळलेल्या अकरा सुऱ्या कोणाच्या हे विचारण्याची गरज उरत नाही.

गुप्ततेचा आदर्श याच परिसराने घालून दिला, हे येथे नमूद करणे अगत्याचे आहे. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने जवळ असलेल्या प्रतापगडाच्या पायथ्याशी १० नोव्हेंबर १६५९ रोजी शिवाजी महाराज व अफझलखान यांच्या भेटीत जे घडले त्याच्याशी जोडली गेलेली वाघनखे हे मुळात मुठीत लपवण्यासाठीच कल्पिलेले शस्त्र होय. आज मात्र ज्यांचे त्या प्रसंगाशी नाते सांगितले जाते ती वाघनखे काचेच्या पेटीत, पहाऱ्यात आणि रांगेतील हजारो डोळ्यांसमोर असतात. साताऱ्याचा ब्रिटिश रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याच्याकडून त्याच्या वारसांकडे व तेथून लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात गेलेली, आणि नेमकी तीच का याविषयी ते संग्रहालयही ठाम ग्वाही देत नसलेली ही वाघनखे, जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात आली, तीही तीन वर्षांच्या कराराने, उसनी. संग्राहकांत अधिक सुखी म्हणावे ते पुण्याचे दिनकर केळकर, ज्यांनी आडकित्त्यांसह घरगुती वस्तूंचे अख्खे संग्रहालय उभारले आणि कविता मात्र ‘अज्ञातवासी’ या नावाने लिहिल्या. वस्तू उघड आणि नाव झाकलेले, ही विभागणी सुऱ्यांच्या संग्राहकांना अद्याप सुचलेली नाही.

वर आलेला ‘उसनी’ हा शब्दच चौथ्या धास्तीचे नाव होय. चोरी हा गुन्हा आहे, त्याची फिर्याद होते. उसनवारी हा शेजारधर्म आहे, तिला नकार देता येत नाही, आणि लंडनच्या संग्रहालयाप्रमाणे शेजारणीकडून करार लिहून घेण्याची प्रथा महाडात नाही. मे महिन्यात चाकरमानी गावी येतात, फणस उतरवले जातात आणि चिकाने माखणार म्हणून स्वतःची विळी खराब करण्यास कोणीच राजी नसते. अशा वेळी, कोकणच्या दमट हवेत गंज चढू नये म्हणून संग्राहकाने वर्षभर निगुतीने तेल चोळून ठेवलेल्या सुरीची आठवण साऱ्या वाडीला एकदम होते, कारण फणस कापण्यापूर्वी पात्याला तेल लावावेच लागते, आणि येथे ते आयतेच लावलेले असते.