हलता फोटो

आमच्या लहानपणी फोटो हलला म्हणजे पैसे पाण्यात. रोल छत्तीस फोटोंचा. त्यातला एक वाया गेला की सगळं घर हळहळे. स्टुडिओतला माणूस हनुवटीला धरून एकेकाची मान सरळ करी आणि ‘आता हलू नका’ असा दम देऊन कॅमेऱ्यामागे जाई. मग आख्खं कुटुंब पंचनाम्याला बसल्यासारखं दिसे. आता मात्र रात्रीचे हललेले फोटो मुद्दाम काढायचे, यासाठी लोक महागडे कॅमेरे घेतात. मीही त्यांतलाच.

युक्ती साधी आहे. शटर १/५०० सेकंद उघडलं तर उडता कावळाही जागच्या जागी थिजतो. तेच १/८ सेकंद उघडं ठेवलं की जे जे हलतं ते आपल्या वाटेची रेघ मागे ठेवून जातं. रात्री उजेड कमी, त्यामुळे शटर जास्त वेळ उघडं ठेवायला निमित्तही आयतं मिळतं. अट एकच: कॅमेरा हलता कामा नये. हलायचं ते जगाने.

फोटोग्राफीच्या बाल्यावस्थेत हे निमित्त दिवसाढवळ्याही मिळे. १८३८ साली लुई दागेर यांनी पॅरिसच्या बुलवार द्यू तांप्लचा फोटो घेतला. रस्ता चांगला वाहता होता, पण प्लेटवर चित्र उमटायला काही मिनिटं लागत. तेवढ्या वेळात जो तो आपापल्या कामाला निघून गेला आणि फोटोत रस्ता ओस पडला. कोपऱ्यावर एक गृहस्थ बुटाला पॉलिश करून घेत उभे होते, तेवढे उमटले. फोटोत आलेला पहिला माणूस हा मान बहुतेक जण त्यांनाच देतात. नाव मात्र कुणालाच ठाऊक नाही. पॉलिशवाला, हात चालू असल्यामुळे, जरा पुसटच. काम करणारा पुसट आणि करवून घेणारा ठसठशीत, ही रीत इतकी जुनी असेल असं वाटलं नव्हतं.

या छंदासाठी पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीसारखी जागा नाही. एक तर ती घाईत नसते. सकाळी मानाचा कसबा गणपती निघतो आणि मिरवणूक संपेपर्यंत दुसरा दिवस उजाडलेला असतो. रात्री लक्ष्मी रोडवर एकेक रथ चौकात जो उभा राहतो तो राहतोच. ट्रायपॉड लावायची सोय नाही. त्याचे तीन पाय आणि पुणेकरांचे अगणित, यात कोण हरणार ते उघड आहे. मग दुकानाच्या पायरीवर चढायचं, पाठ शटरला टेकवायची (दुकानाच्या), कोपर बरगडीशी दाबायचं आणि श्वास सोडता सोडता बटण दाबायचं.

ढोलवादकाच्या हाताकडे अशा वेळी नीट पाहावं. टिपरू वर जातं, टोकाला क्षणभर थबकतं आणि खाली येतं. १/१५ सेकंदात हे थबकणं नेमकं पकडता येतं: वरच्या टोकाला टिपरू स्पष्ट, मधे पांढुरका पट्टा, खाली पान थरथरलेलं. ताशावाल्याचा प्रश्नच नाही. तर्री सुरू झाली की काड्या गायबच होतात आणि उरतो तो त्याचा चेहरा, शांत, कसलातरी हिशेब करत असल्यासारखा. शटर एक सेकंदावर नेलं तर सगळं पथक विरघळून झब्बे-फेट्यांचं पांढरं-भगवं धुकं उरतं. त्या धुक्यात जागेवर ठाम दिसतात ते रथातले गणपती आणि बंदोबस्ताचे हवालदार. दोघंही सारखेच निर्विकार.

फ्लॅश वापरायचाच तर तो शटर मिटताना उडवावा, ‘रिअर कर्टन’ म्हणतात तो प्रकार. मग ध्वज नाचवणारा पुढे ठसठशीत येतो आणि हालचालीची रेघ त्याच्या मागे राहते. सुरुवातीलाच उडवला तर रेघ पुढे जाते आणि गडी उलटा चालल्यासारखा वाटतो. सिग्नल असताना उलट्या बाजूने येणाऱ्यांच्या शहरात हे कुणाला खटकणार नाही म्हणा, पण आपल्याला खटकतं.

मोबाइलचा नाइट मोड या सगळ्याच्या बरोबर उलट वागतो. पटापट बरेच फोटो काढून, ते एकमेकांवर बसवून, हललेलं होईल तितकं पुसतो. गुणी आहे, पण जरा जास्तच शिस्तीचा.

मध्यंतरात घाम पुसत एका पथकातली मुलगी आली. कमरेला ढोल तसाच.

“काका, मघाशी आमचा काढलात ना? बघू.”

मी स्क्रीन पुढे केली.

“यात मी कुठंय?”

“ही डावीकडची रेघ बघ, तिच्या खाली.”

तिने स्क्रीन मोठी केली, बारीक केली, तिरकी करून पाहिली. “ढोल माझाच आहे,” ती म्हणाली. मग शेजारच्या मैत्रिणीला हाक मारून स्वतःचा मोबाइल तिच्या हातात दिला. “तू काढ गं एक. काकांचा हललाय.”